मंडपात आणि केळव्याच्या किनाऱ्यावर एकच कॅमेरा

पालघर, बोईसर आणि तारापूरच्या पट्ट्यात छायाचित्रकाराचे वर्ष पंचांगावर चालते. तुळशीचे लग्न लागले की मुहूर्त सुरू होतात आणि आषाढात चातुर्मास लागेपर्यंत हळदी, लग्ने, वराती यांच्या ऑर्डरी चालू राहतात. मग पाऊस येतो, मंडपाचे बांबू आणि कापड गोदामात जाते, आणि नेमक्या त्याच दिवसांत जव्हार-मोखाड्याचे कडे, दाभोसाचा धबधबा, सूर्या आणि वैतरणेच्या काठची भातखाचरे, काळदुर्गाच्या माथ्यावर अडकलेले ढग पाहावेत असे होतात. हिवाळ्यात केळवे, चिंचणी आणि बोर्डीचे किनारे असतातच. त्यामुळे इथे नवा कॅमेरा घेणाऱ्याच्या मनात बहुधा दोन्ही कामे असतात. ऑर्डरींतून कॅमेऱ्याचे पैसे फिटावेत आणि उरलेल्या दिवसांत तोच कॅमेरा डोंगरावर, समुद्रावर न्यावा.

या दोन कामांच्या मागण्या सारख्या नाहीत आणि त्यांचे वजनही सारखे नाही. केळव्याचा आजचा सूर्यास्त चुकला तर उद्या पुन्हा तिथे जाता येते. अंतरपाट दूर होऊन वधूवरांनी एकमेकांना पाहिले तो क्षण चुकला, तर तो कोणीही परत आणून देऊ शकत नाही. म्हणून कॅमेऱ्याची बॉडी निवडताना शब्द लग्नाचा चालावा. निसर्गाच्या गरजा बऱ्याच अंशी लेन्स, ट्रायपॉड आणि हाताळणी यांतून भागतात. जाहिरातीतल्या डोंगररांगा पाहून बॉडी घेतली की तिची उणीव मंडपात कळते, आणि तोपर्यंत ऑर्डर हातात घेतलेली असते.

पहिली अट अगदी साधी आहे. कॅमेऱ्याला कार्डाचे दोन स्लॉट हवेत. प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन्ही कार्डांवर उतरला, तर एक कार्ड बिघडले तरी लग्न वाचते. २०१८ साली निकॉनचे झेड ६ आणि झेड ७ तसेच कॅननचा ईओएस आर हे कॅमेरे आले, तेव्हा त्यांत एकच स्लॉट होता आणि जगभरच्या लग्नाच्या छायाचित्रकारांनी त्यावर नाराजी व्यक्त केली. त्याच वर्षीच्या सोनीच्या ए ७ थ्री या कॅमेऱ्यात दोन स्लॉट होते. पुढे सोनी ए ७ फोर (२०२१), कॅनन आर ६ मार्क टू (२०२२), निकॉन झेड ६ थ्री (२०२४) या मधल्या किमतीच्या वर्गातल्या कॅमेऱ्यांत दोन स्लॉट रूढ झाले. केवळ निसर्गासाठी घ्यायचा असेल तर एक स्लॉट पुरतो. लग्नासाठी मात्र एकाच स्लॉटचा कॅमेरा, इतर गुण कितीही असले तरी, मुख्य कॅमेरा म्हणून घेऊ नये.

दुसरी कसोटी फोकसची. आजचे मिररलेस कॅमेरे चेहरा आणि डोळा आपोआप ओळखून फोकस धरतात. दुकानात उभ्या असलेल्या माणसावर हे हमखास जमते, मंडपात तसे होईलच असे नाही. नवरा-नवरीच्या मुंडावळ्यांचे मोती डोळ्यांच्या अगदी बाजूला हलत असतात. बोईसरच्या वसाहतींमध्ये औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांमुळे उत्तर भारतातून आलेली कितीतरी कुटुंबे राहतात. त्यांच्या लग्नांत नवरदेवाच्या चेहऱ्यावर सेहरा असतो आणि नवरीवर घुंगट. डोळा शोधणारी यंत्रणा अशा वेळी झालरीवर किंवा मोत्यांवर अडकू शकते. मंगलाष्टक संपताना चारी बाजूंनी अक्षता पडतात आणि लेन्सच्या जवळून गेलेला एखादा दाणा फोकस ओढून नेतो. चांगल्या कॅमेऱ्यात फोकसने मधल्या अडथळ्याकडे किती चटकन वळावे हे ठरवता येते. ती सोय आहे का आणि ती खरेच काम करते का हे पाहावे. घरी पडताळणी करायला फारसे काही लागत नाही. कोणाला तरी मुंडावळ्या बांधून उभे करावे, दुसऱ्याने समोरून मूठभर तांदूळ टाकावेत आणि दहा-वीस फ्रेम सलग घ्याव्यात. त्यांतल्या किती फ्रेममध्ये डोळे धारदार आहेत हे मोजले की कागदावरच्या मोठमोठ्या आकड्यांपेक्षा जास्त कळते.

सलग फ्रेम घेण्याबद्दलही एक गोष्ट तपासण्यासारखी आहे. सेकंदाला दहा फ्रेम आता अनेक कॅमेरे देतात, पण कॅमेऱ्याची आतली तात्पुरती साठवण, म्हणजे बफर, भरली की वेग कोसळतो. अंतरपाट सरकणे, अक्षता, माळा घालणे हे सारे अर्ध्या मिनिटात उरकते. त्या अर्ध्या मिनिटात कॅमेरा थांबता कामा नये. हे बफरइतकेच कार्डाच्या वेगावर अवलंबून असते, म्हणून ज्या कार्डावर काम करायचे आहे तेच घालून पाहावे.

अंतरपाट आणखी एका बाबतीत कॅमेऱ्याची परीक्षा घेतो. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने करड्या छटेचे आहे असे धरून चालतो. पांढरे वस्त्र फ्रेमचा मोठा भाग व्यापते तेव्हा त्याला प्रकाश फार वाटतो, तो फोटो गडद करतो आणि बाजूला उभ्या वधूवरांचे सावळे चेहरे काळवंडतात. याच्या उलट प्रकार वारली घरात होतो. डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हारच्या पाड्यांवर लग्नाच्या वेळी गेरू-शेणाने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिला जातो, त्यात पालघट देवी असते, आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी स्त्री, गाणी म्हणत विधी चालवते. खोलीत खिडकी नसते किंवा अगदी लहान असते; प्रकाश येतो तो दारातून. गडद भिंत पाहून कॅमेरा फोटो उजळवतो आणि चौकाच्या बारीक पांढऱ्या रेषा फुटून जातात. फ्लॅश समोरून मारला तर भिंत सपाट होते, सारवणाचा पोत नाहीसा होतो, आणि चालू विधीत तो व्यत्ययही ठरतो. अशा घरात परवानगी घेऊन, फ्लॅश न वापरता, दाराच्या उजेडात काम करणे हेच योग्य. तिथे कॅमेऱ्याकडून हवे ते दोनच: जास्त आयएसओवर रंग टिकावेत आणि उजेड कमी-जास्त करण्याची चकती, डोळा व्ह्यूफाइंडरवरून न हलवता, अंगठ्याने फिरवता यावी. मिररलेस कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये फोटो कसा येणार हे आधीच दिसते. इथे त्याचा खरा उपयोग होतो.

कमी प्रकाशाचा विचार गोरज मुहूर्तापासून सुरू करावा. मुहूर्त सूर्यास्ताच्या सुमाराचा असतो आणि कोकणपट्टीच्या अक्षांशावर संधिप्रकाश फार टिकत नाही. सूर्य बुडाल्यानंतर सुमारे बावीस-पंचवीस मिनिटांत उघड्यावरचा उजेड साधारण शंभरपट कमी होतो. त्याच शटरवर आणि लेन्सच्या त्याच छिद्रावर काम चालू ठेवायचे तर आयएसओ १०० वरून १२,८०० च्या आसपास न्यावा लागेल. मंडपातले दिवे हा फरक बराच भरून काढतात, तरी ३,२०० ते ६,४०० ही मजल रोजची समजावी. इथे सेन्सरचा आकार बोलतो. फुल-फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिलिमीटरचा असतो, तर एपीएस-सी सेन्सर साधारण २३.५ × १५.६ मिलिमीटरचा, क्षेत्रफळात फरक सव्वादोन पटींहून थोडा जास्त. सारख्या छिद्राची लेन्स लावली तर मोठा सेन्सर साधारण एका स्टॉपहून, म्हणजे दुपटीहून, थोडी जास्त स्वच्छता देतो. याचा अर्थ एपीएस-सीवर लग्न होत नाही असा नाही. त्याला एफ १.४ किंवा एफ १.८ ची उघडी लेन्स लावून अंतर कमी करता येते, फक्त लेन्सवर खर्च वाढतो.

हॉलमधला उजेड नुसता कमी नसतो, तो लुकलुकतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे तिच्यावर चालणारे बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. स्टेजमागच्या एलईडी भिंती आणि रंगीत पार लाइट याहून कितीतरी वेगाने लुकलुकतात. डोळ्याला ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसते. आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचते. वाचन संथ असेल तर फोटोवर काळे-उजळ पट्टे उमटतात. सप्तपदीच्या वेळी मूक शटर फार सोयीचे वाटते आणि नेमका तिथेच हा दोष गाठतो. महागड्या कॅमेऱ्यांत वाचन इतके वेगवान झाले आहे की २०२३ च्या निकॉन झेड ८ मध्ये यांत्रिक शटर ठेवलेलेच नाही. मधल्या किमतीच्या कॅमेऱ्यात मात्र हॉलमध्ये यांत्रिक शटर आणि साध्या दिव्यांखाली १/१०० सेकंद हा वेग सुरक्षित. कॅमेऱ्याची लुकलुक टाळणारी सोय कुठल्याही ओळखीच्या हॉलमध्ये स्टेजचे दिवे लावून पाहता येते. बहुतेक कॅमेऱ्यांत इलेक्ट्रॉनिक शटरबरोबर फ्लॅश चालत नाही, आणि यांत्रिक शटरवर फ्लॅशचा वेग साधारण १/२०० ते १/२५० सेकंदापर्यंतच जातो. जुना फ्लॅश आणि ट्रिगर नव्या बॉडीवर पूर्णपणे चालतो का हे विकत घेण्याआधी लावून बघितलेले बरे.

रंगांत सर्वांत अवघड हळद. पिवळी साडी, पिवळे गाल, पिवळी झेंडूची तोरणे आणि वर पिवळट दिवे. कॅमेऱ्याचा आपोआप होणारा रंगतोल हा पिवळेपणा दोष समजून निळसर करू पाहतो, आणि हळद फिकट व त्वचा राखेसारखी दिसते. लाल शालू आणि कुंकू यांचा त्रास निराळा. एकूण उजेड ठीक असतानाही लाल रंगाचा आलेख, म्हणजे हिस्टोग्राम, काठाबाहेर जातो आणि साडीचे विणकाम एकसंध लाल डाग होऊन बसते. म्हणून आलेख लाल, हिरवा, निळा असा तीन रंगांत वेगळा दाखवणारा कॅमेरा लग्नासाठी अधिक उपयोगी. फोटो रॉ स्वरूपात घेतले तर रंगतोल नंतर सुधारता येतो, पण फुटलेला लाल परत येत नाही.

मेगापिक्सेलच्या आकड्याने सर्वाधिक दिशाभूल होते, म्हणून त्याचा हिशेब अल्बमवरूनच करावा. इथे चालणाऱ्या करिझ्मा अल्बमचे उघडे जोडपान १२ × ३६ इंचांचे असते, म्हणजे एक पान १२ × १८. इंचाला ३०० ठिपके धरले तर एका पानभर फोटोला ३,६०० × ५,४०० ठिपके लागतात. हे साडेएकोणीस मेगापिक्सेल होतात. चोवीस मेगापिक्सेलचा कॅमेरा ६,००० × ४,००० ठिपके देतो, म्हणजे पान भरून थोडी कापायला जागाही उरते. संपूर्ण जोडपानावर एकच फोटो पसरला तर त्याच कॅमेऱ्यातून इंचाला सुमारे १६७ ठिपके मिळतात आणि ४५ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून सुमारे २२९. मांडीवर ठेवून पाहायच्या अल्बमात हा फरक क्वचितच जाणवतो. उलट बाजूही मोजली पाहिजे. हळद आणि लग्न मिळून ३,००० फ्रेम धरल्या आणि चोवीस मेगापिक्सेलची एक रॉ फाइल २५ एमबीची धरली, तर ७५ जीबी होतात. ४५ मेगापिक्सेलला हेच दीडशेच्या घरात जाते, आणि दोन प्रतींत ठेवायचे तर त्याच्या दुप्पट. हंगामातल्या वीस-पंचवीस लग्नांचा साठा, संपादनाचा संगणक, फाइल उघडायला लागणारा वेळ हे सारे त्या आकड्याबरोबर वाढते.

निसर्गात मात्र जास्त मेगापिक्सेलला अर्थ आहे. अशेरीगडावरून दिसणारी डोंगरांची रांग भिंतभर छापायची असेल तर ४५ किंवा सोनी ए ७ आर फाइव्हचे ६१ मेगापिक्सेल प्रत्येक झाड सुटे दाखवतील, पण ट्रायपॉड स्थिर आणि लेन्स तितकी धारदार असेल तरच. एरवी चोवीस मेगापिक्सेलच्या चार-पाच उभ्या फ्रेम एकमेकींवर थोड्या चढवून घेऊन जोडल्या की तेवढाच तपशील मिळतो. दृश्य थांबलेले असते, त्यामुळे ही युक्ती चालते. लग्नासाठी ठरवलेल्या बॉडीवर निसर्ग भागतो तो असा.

पश्चिम किनाऱ्याची एक अडचण भूगोलातूनच येते. इथे सूर्य समुद्रात मावळतो, म्हणजे संध्याकाळचे जवळजवळ प्रत्येक दृश्य प्रकाशाविरुद्ध घ्यावे लागते. केळव्याला समोर तळपते पाणी आणि मागे सुरूच्या बनाचा अंधार. सातपाटीला झगझगीत आकाशासमोर होड्यांच्या काळ्या नाळी. दृश्यातली सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद जागा एकाच फोटोत सांभाळण्याची सेन्सरची क्षमता स्टॉपमध्ये मोजतात. प्रत्येक स्टॉप म्हणजे दुप्पट. चौदा स्टॉप म्हणजे एकास सुमारे सोळा हजार. आजचे बहुतेक फुल-फ्रेम कॅमेरे सर्वांत कमी आयएसओवर याच्या आसपास पोचतात, आणि त्यांच्यातला फरक किमतीतल्या फरकाएवढा मोठा नसतो. पडताळणीची रीत सोपी आहे: सूर्याभोवतीचे ढग फुटणार नाहीत इतका गडद रॉ फोटो घ्यावा आणि संगणकावर सावली तीन-चार स्टॉप उजळवावी. सुरूच्या बुंध्यांवर रंगीत कण किंवा आडवे पट्टे दिसले नाहीत तर सेन्सर कामाचा. हीच क्षमता दुपारच्या वरातीत, अर्धे ऊन आणि अर्धी मंडपाची सावली असताना, लग्नालाही उपयोगी पडते. दोन्ही कामांना सारखाच लाभ देणारा हा एक गुण आहे.

किनाऱ्यावर कॅमेऱ्यापेक्षा भरती-ओहोटीचे वेळापत्रक अधिक फोटो घडवते. इथले किनारे सपाट आहेत. ओहोटीला पाणी खूप मागे जाते आणि ओल्या वाळूत आकाश उतरते. पाणी धुक्यासारखे दिसावे म्हणून शटर काही सेकंद उघडे ठेवायचे तर लेन्ससमोर एनडी फिल्टर, म्हणजे उजेड अडवणारी काळसर काच, आणि वाळूत न रुतणारा ट्रायपॉड लागतो. अनेक फ्रेम मिळवून जास्त मेगापिक्सेलचा एक फोटो करणारी सोय काही कॅमेऱ्यांत असते. किनाऱ्यावर वारा क्वचितच पडतो आणि सुरूच्या फांद्या हलत राहतात, त्यामुळे तिथे ती फारशी कामाची नाही. चिंचणी-तारापूरच्या बाजूला आणखी एक भान हवे. देशातले पहिले अणुवीजकेंद्र इथे १९६९ पासून चालू आहे, आणि त्या परिसरात छायाचित्रणावर व ड्रोनवर कडक निर्बंध आहेत. लग्नाच्या आधीच्या फोटोंसाठी ड्रोन उडवण्याची हौस असलेल्यांनी नकाशावर निषिद्ध क्षेत्र आधी पाहावे.

खाऱ्या वाऱ्याची आणि पावसाची बाब गंभीर आहे. जाहिरातीत हवामानापासून संरक्षण असे लिहिलेले असते, पण लेन्स बदलता येणाऱ्या बहुतेक कॅमेऱ्यांना त्याचे कोणतेही प्रमाणित मानांकन नसते. २०२२ च्या ओएम सिस्टिमच्या ओएम-१ ला आयपी ५३ हे मानांकन आहे, म्हणून धबधब्याच्या तुषारांत तो इतरांपेक्षा निर्धास्तपणे वापरता येतो. पण त्याचा सेन्सर १७.३ × १३ मिलिमीटरचा, आणि रात्रीच्या मंडपात तो उणाच पडतो. दोन कामांची ओढाताण इतकी स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही. अशा वेळी फुल-फ्रेम बॉडी घेऊन पावसाळ्यासाठी चांगले आवरण आणि लेन्सच्या जोडावर रबराची कडा असलेल्या लेन्स घेणे शहाणपणाचे. किनाऱ्यावरून परतल्यावर गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या मऊ फडक्याने बॉडी पुसावी आणि लगेच कोरडी करावी. ट्रायपॉडचे पाय धुवावेत, नाहीतर मीठ सांधे खाते. पावसाळ्यात बंद पिशवीत राहिलेल्या लेन्सच्या आतल्या काचेवर बुरशी धरते आणि ती काचेवरचा लेप कायमचा खराब करू शकते. ४० ते ५० टक्के आर्द्रता राखणारे विजेचे कपाट, किंवा निदान घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल, हा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीतच धरावा.

बॅटरीचा प्रश्न जुन्या डीएसएलआरवरून मिररलेसवर येणाऱ्यांना चकवतो. निकॉन डी ८५० एका बॅटरीवर मानक चाचणीत १,८४० फोटो घेत असे. सोनी ए ७ फोर व्ह्यूफाइंडर वापरून ५२० घेतो. प्रत्यक्ष लग्नात सलग फ्रेममुळे आकडा बराच वाढतो, तरी तीन बॅटऱ्या आणि पॉवर बँकेवरून चार्ज होण्याची सोय हवीच. मे महिन्यात पंख्याच्या हॉलमध्ये फोर-के व्हिडिओ चालू ठेवायचा असेल तर कॅमेरा किती वेळाने तापून थांबतो हे त्याच उकाड्यात पाहावे, वातानुकूलित दुकानात नाही.

सगळ्या पैशांची बॉडी घेऊ नये, हे शेवटी बजेट मांडताना कळते. लग्नाला २४-७० एफ २.८ आणि ८५ एफ १.८ या लेन्स निम्म्याहून जास्त काम करतात. निसर्गाला १६-३५ सारखी रुंद लेन्स, आणि तिला एफ ४ पुरते, कारण ट्रायपॉडवर उघडे छिद्र लागत नाही. दुसरी बॉडी, जुनी का असेना, पिशवीत असलीच पाहिजे. लग्नाच्या मध्यावर कॅमेरा बंद पडला तर बोईसरहून मुंबईच्या सेवा केंद्रापर्यंतचे अंतर भरून निघत नाही. याच कारणाने अधिकृत भारतीय हमी नसलेला, स्वस्तात आयात केलेला कॅमेरा धंद्यासाठी घेऊ नये. फोर्टातल्या बोरा बाझारात दोन्ही प्रकारचा माल मिळू शकतो. बिल आणि हमीपत्र दोन्ही वाचून घ्यावे.

निर्णय पक्का करण्याआधी कॅमेरा दोन दिवस भाड्याने घ्यावा. एक संध्याकाळ ओळखीच्या घरची हळद, जिथे मुख्य छायाचित्रण दुसरा कोणी करत असेल. दुसरी संध्याकाळ केळव्याच्या ओहोटीची. हळदीच्या फोटोंतून डोळ्यांवरचा फोकस, पिवळा रंग आणि एलईडीचे पट्टे तपासावेत, किनाऱ्यावरच्या फोटोंतून सावलीचा तपशील. दोन्हींतला एकेक फोटो १२ × १८ वर छापून घ्यावा आणि दिवसाच्या उजेडात, हातभर अंतरावरून, सध्याच्या कॅमेऱ्याच्या छपाईशेजारी ठेवून पाहावा. फरक दिसला नाही तर तेच पैसे लेन्समध्ये घालावेत.